ब्याण्णव टक्के झुळूक

३ एप्रिल

धाकटे,

पत्र न वाचता फाडू नकोस, आत तुझ्या दुकानाचं काम आहे.

काल तुझ्या इंटरनेटवरच्या दुकानातून 'झुळूक' नावाच्या टॉपचा पॅटर्न मी विकत घेतला. मागणीवर नाव माझंच दिलं आहे, त्यामुळे तुला कळलं असेल. किंवा रोज इतके लोक घेत असतील की कळलंही नसेल. दोन्ही शक्यतांनी मला सारखंच वाटतं, म्हणजे काहीच वाटत नाही. हल्ली बहुतेक गोष्टींचं तसंच आहे. तक्रार नाही, आपली माहिती.

फोन करणार नव्हतेच. तू माझा नंबर चार वर्षांपूर्वी अडवून ठेवलास आणि तो तसाच आहे, हे मी अधूनमधून तपासते. पण तुझ्या पॅटर्नच्या तळाशी बारीक अक्षरात टपालाचा पत्ता असतो. कायद्यानं द्यावाच लागत असणार. कायद्याची मी ऋणी आहे.

तुझ्या सूचना वाचल्या. एकूण एकवीस आहेत. धाकटे, तू सूत्रं लिहितेस! शाळेत निबंधाला तीन पुरवण्या लावणारी मुलगी तू, आणि आता पाहावं तर एका शब्दाची उधळपट्टी नाही. पाचवी सूचना: 'गळ्याला तिरपी पट्टी लावा.' लावा म्हणजे? कुठून सुरुवात, आतून की बाहेरून, पट्टी ओढून लावायची की सैल? नववीत म्हणतेस, 'दीड सेंटिमीटर माया सोडून शिवण घाला', आणि अकरावीत मायेचा उल्लेखच नाही. ती नववीतून अकरावीत आपोआप यावी अशी अपेक्षा दिसते. आमच्या संस्कृत व्याकरणशास्त्रात याला अनुवृत्ती म्हणतात आणि तो दोषही नाही, पण असं लिहिणाऱ्याला भाष्यकार भेटेपर्यंत कळ काढावी लागते. तुला मी भेटले आहे. नशीब म्हण.

फोटो मात्र सुरेख. ती मुलगी खिडकीशी दोन्ही हात वर करून उभी आहे, टॉपमध्ये वारा शिरून तो फुगला आहे आणि तिच्या पायाशी एक मांजर साफ दुर्लक्ष करत झोपलं आहे. मांजर तुझंच ना? स्वभाव ओळखीचा वाटला.

तुझे भावजी म्हणाले, "चार वर्षांनी बहिणीला पत्र लिहितेस, ते शिवणकामावर?"

"मग कशावर लिहू?"

ते वर्तमानपत्राकडे वळले. सव्वीस वर्षांच्या संसारात वर्तमानपत्राचे आमच्या दोघांवर फार उपकार आहेत.

आई बरी आहे. उन्हाळ्याचा तिला त्रास होतो, पण तो कुणाला होत नाही?

तुझ्या शिवणयंत्राला नमस्कार, मांजराला आशीर्वाद. तुला काय लिहावं ते ठरलं नाही, म्हणून जागा रिकामी सोडते.

ताई


९ एप्रिल

धाकटे,

पॅटर्न छापून आणला. बत्तीस पानं.

कॉलेजच्या कार्यालयातल्या हेडक्लार्क बाईंनी छापून दिला. पानं बाहेर येऊ लागली, त्यांवर नुसत्या वाकड्या रेघा आणि बाण. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला.

"मॅडम, हे नकाशे कसले?"

"बंडाची तयारी आहे."

"मग पुरवणीच्या कागदावर कशाला, पाठकोऱ्यांवर काढते की," असं म्हणून त्यांनी गेल्या वर्षीच्या हजेरीपत्रकांचा गठ्ठा यंत्रात सरकवला. म्हणजे तुझ्या टॉपच्या पाठीवर आता तृतीय वर्षाची हजेरी आहे. बरेच गैरहजर आहेत.

घरी येऊन बाहेरच्या खोलीत जमिनीवर पानं मांडली आणि चिकटपट्टीनं जोडली. त्यात अडीच तास गेले. तुझे भावजी संध्याकाळभर भिंतीला पाठ लावून, खेकड्यासारखे आडवे चालत स्वयंपाकघरात जात-येत होते. एकदा त्यांचा पाय बाहीवर पडला. तुझ्या टॉपला बाही नाहीच, ते खांद्यातूनच खाली उतरलेलं कापड आहे, हे मला तेव्हा कळलं. चूक त्यांची आणि ज्ञान मला, असं आमचं चालतं.

आता एक सांगते. टॉप माझ्यासाठी नाही. मी यात मावणार नाही हे तुला मागणीवरचं माप पाहूनच कळलं असेल. माप पाच, छाती चौऱ्याण्णव ते अठ्ठ्याण्णव. टॉप आईसाठी आहे.

झालं असं की कॉम्प्युटरवर मी तुझं दुकान बघत बसले होते. (हो, बघते. दर महिन्याला नवीन काय आलं ते बघते. चोरून बघण्यासारखं त्यात काही नाही, तरी चोरून बघते.) आई मागून कधी आली ते कळलं नाही. तिनं खुर्चीची पाठ धरली आणि त्या खिडकीतल्या मुलीकडे बघत राहिली.

"हे तिनं काढलंय?"

"हो."

"अंगाला कुठे लागत नसेल ना?"

"सैल आहे म्हणते. सूचनांत तेवढंच एक वाक्य लांब आहे."

"मला शिव."

"आई, मी शेवटची शिवण घातली ती शाळेत, हातरुमालाला. आणि ती तूच उसवलीस."

"वाकडी होती म्हणून उसवली. यंत्र आहे, मी आहे. शिव."

तर असं. यंत्र तेच, आईचं, काळं, हातानं चाक फिरवायचं. तेल घातलं तर चाललं. कापड पांढरं आणलंय, सुती, पातळ, त्यावर निळी बारीक रेघ. आईनं बोटांच्या चिमटीत चुरगाळून सोडून पाहिलं, पास केलं. कापायला मी कात्री हातात घेतली तेव्हा ती पलंगावरून उद्गारली, "मास्तरीणबाई, ते उत्तरपत्रिकांवर लाल रेघ मारणं नव्हे. सलग काप." मग दहा मिनिटांत आडवी झाली. उन्हाळ्यामुळे.

माप घ्यायला टेप काढायची गरजच पडली नाही. ती कॉलनीभरच्या बायकांचे कपडे शिवायची तेव्हाची मापांची वही कपाटात आहे, आणि पहिल्याच पानावर तिनं स्वतःचं माप लिहिलंय. छाती शहाण्णव. अक्षर अजून तसंच टपोरं. पाच नंबरच्या रेघेवर कापलं. तुझ्या तक्त्यात लिहिलंय, तयार टॉप छातीला भोवती एकशे सोळा. म्हणजे वीस सेंटिमीटर वाऱ्याला. सढळ आहेस.

बाबांच्या वेळचं मी पुन्हा उगाळत नाही. तुला उशिरा कळवलं आणि तू पोचलीस तेव्हा एक दिवस होऊन गेला होता. त्यांची तशी इच्छा होती हे मी तुला तेव्हाच दारात सांगितलं, त्यात आज भर घालण्यासारखं काही नाही. हा परिच्छेद का लिहिला कुणास ठाऊक. खोडत नाही, खाडाखोड मला मुलांच्या वहीतही आवडत नाही.

ताई


१६ एप्रिल

धाकटे,

तुझ्या दुकानाचं उत्तर आलं. वर 'प्रिय ग्राहक', खाली 'आपल्या पुढील शिवणकामास शुभेच्छा', आणि या दोन शिष्टाचारांच्या मध्ये तुझं एक वाक्य. 'पहिल्या पानावरचा चौकोन मोजलास का?'

दोनदा वाचलं. मग उठून पट्टी आणली.

पहिल्या पानावर खरंच एक चौकोन आहे. शेजारी लिहिलंय, छापल्यावर याची बाजू बरोबर पाच सेंटिमीटर भरली पाहिजे, नाहीतर पुढे जाऊ नका. मी मोजली. चार पूर्णांक सहा.

हेडक्लार्क बाईंकडे गेले. त्या म्हणाल्या, "अहो, कडेच्या रेघा कापल्या जात होत्या, म्हणून मी 'पानात बसवा' केलं. सगळं कसं छान बसलं बघा!" त्यांचा चेहरा इतका समाधानी होता की मी आभार मानून परत आले. ब्याण्णव टक्के. मी तुझी झुळूक ब्याण्णव टक्के कापली आहे.

अठ्ठावीस वर्षं मुलांना सांगत आले आहे, बाळांनो, आधी परिभाषा वाचा. शास्त्रकर्ता सुरुवातीलाच सांगून ठेवतो की माझं पुढचं सगळं कसं वाचायचं. ते सोडून एकदम सूत्राला भिडाल तर तोंडावर पडाल. आणि मी स्वतः एकवीस सूचनांवर भाष्य केलं, त्यातले दोष तुला कळवले, आणि पहिलं पान वाचलंच नाही. मला वाटलं, ती प्रस्तावना आहे. तुला हसू आलं असेल तर हस. इथे हसायला सध्या कुणी मोकळं नाही.

तोवर टॉप शिवून झाला होता. गळ्याची तिरपी पट्टी तीनदा उसवली. आई पलंगावरून म्हणायची, "ओढू नकोस, तिला वळू दे." चौथ्यांदा वळली. खांदे जुळले. खालची दुमड थोडी नागमोडी आहे, पण आई म्हणाली, बघणारा इतका खाली बघत असेल तर तो माणूस बरा नव्हे.

मी हिशेब केला. एकशे सोळाचे ब्याण्णव टक्के म्हणजे एकशे सात. शहाण्णव छातीवर एकशे सात. तुझी वाऱ्याची जागा अर्ध्यावर आली. सैल कसला, बेताचाच होणार. आईला म्हटलं, "फुकट गेला. नवीन कापड आणते."

"आधी घाल तर खरं."

घातला. गळाही ब्याण्णव टक्केच, आणि डोकं काही कुणी छापलेलं नसतं, त्यामुळे तो कानांशी अडकला. आई आत. नुसता आवाज येत होता.

"आई, हात वर कर."

"हात वर करायला मी काय चोर आहे?"

"मग मान तरी खाली घाल."

"थांब जरा. आत बरं वाटतंय."

तशीच उभी राहिली थोडा वेळ, कापडाच्या आत. मग मी दोन्हीकडून हलकेच ओढलं, कान सुटले आणि टॉप खाली आला.

खाली आला तो लोंबला. खांद्याची शिवण दंडावर गेली. बाजूची शिवण पुढे वळली. आईनं दोन्ही हातांनी कापड बाजूला धरून पाहिलं, खिडकीतल्या त्या मुलीसारखं, आणि म्हणाली, "सैल छान आहे. तिला कापडातलं कळतं."

मी हो म्हटलं.

तेव्हा तुझं अभिनंदन. तुझा पॅटर्न छोटा छापला तरी सैलच होतो. असं शास्त्र आमच्याकडेही नाही.

ताई


२१ एप्रिल

धाकटे,

उत्तर मिळालं. 'शहाण्णववर एकशे सात लोंबत नाही. टेप घे, आईचं माप घे आणि कळव.' या वेळी शुभेच्छा नव्हत्या, घाईत राहून गेल्या असतील.

कापड ताणलं असावं. पातळ आहे, शिवताना मी ओढलंही असेन, माझा हात कच्चा आहे हे तू जाणतेस. शिवाय आधी एकदा धुऊन घेतलं होतं, धुतल्यावर काही कापडं सैलावतात. एवढंच असेल. फार खोलात शिरू नकोस.

आई मजेत आहे. टॉप आवडलाय. रोज तोच घालते, म्हणून मला रोज तो धुऊन दुपारच्या आत वाळवावा लागतो. उन्हाचा तेवढा फायदा.

माप घेईन. आत्ता झोपली आहे.

परीक्षेचे गठ्ठे आले आहेत. एका विद्यार्थ्यानं पाचही प्रश्नांना एकच उत्तर लिहिलंय, प्रत्येक ठिकाणी नव्या आत्मविश्वासानं. मी त्याला तिसऱ्या प्रश्नात गुण दिले, तिथे ते बसत होतं.

बाकी विशेष नाही.

ताई


२४ एप्रिल

धाकटे,

कापड ताणलं नाही. मी खोटं लिहिलं. सुती कापड धुतल्यावर आटतं, सैलावत नाही, हे तुला सांगायला मी नको. तू त्यावर जगतेस. मला वाटतं, तुला पटू नये म्हणूनच मी इतकं गचाळ खोटं लिहिलं. पण हा माझ्या बाजूचा अर्थ झाला. त्याला फार किंमत देऊ नकोस.

माप घेतलं. आज सकाळी आंघोळीनंतर.

छाती एक्क्याऐंशी. कंबर सहासष्ट. खांदा चौतीस. दंड एकवीस. टेप पट्टीशी लावून तपासली आहे, टेप बरोबर आहे.

वहीत जुन्या आकड्यांच्या शेजारी हे आकडे लिहिले. गेले पाच महिने मी तिला रोज आंघोळ घालते. पाठ चोळते, बगलेत हात घालून उठवते. रोज बघते त्याला दिसणं म्हणतात की नाही, मला ठाऊक नाही. मला दिसलं ते टॉप लोंबला तेव्हा. चुकून छोटा कापलेला कपडा माझ्या आईला मोठा झाला, हे मला गणितानं कळलं. आणि तुला नुसत्या पत्रावरून. आकडे लिहिताना काही वाटलं नाही. रडू येईल असं वाटून मी दार लावून घेतलं होतं, ते उगाच लावलं. पाच मिनिटं वाट पाहून उघडलं.

आता सरळ लिहिते. डिसेंबरात आईच्या पोटात गाठ निघाली. शस्त्रक्रियेचा उपयोग नाही असं दोन ठिकाणी सांगितलं. दुखू नये म्हणून औषध चालू आहे, आणि ते लागू पडतं, तेव्हा त्या बाबतीत घाबरू नकोस. ती थोडं खाते, थोडं बोलते, टोमणे पूर्वीइतकेच मारते. अंगाला कपडा लागला की मात्र कळ येते. म्हणून झुळूक.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मे महिन्याबद्दल मी काही सांगत नाही. ज्यांना बोलवायचं त्यांना बोलवून घ्या." ही दोन एप्रिलची गोष्ट. त्याच दिवशी घरी येऊन मी तुझा पॅटर्न विकत घेतला. तीन एप्रिलला तुला पहिलं पत्र लिहिलं आणि त्यात तुझ्या पाचव्या सूचनेचा अर्थ काय, असं विचारलं.

का नाही लिहिलं? कारण आईनं डिसेंबरातच माझ्याकडून शब्द घेतला होता. "धाकटीला कळवायचं नाही. तुझ्या बाबांनी तिला बोलावलं नाही, शेवटपर्यंत नको म्हणाले, कुणाला त्रास नको म्हणाले. मी काय त्यांच्याहून मऊ आहे?" मी म्हटलं, बरं.

इथे आता मला जे लिहायचं आहे ते चार वर्षं राहिलेलं आहे.

बाबा असं म्हणाले नव्हते.

हॉस्पिटलात बाबांनी दोनदा विचारलं, "ती कधी येते?" एकदा मंगळवारी सकाळी, एकदा बुधवारी, मी त्यांची उशी बदलत असताना. दोन्ही वेळा मी म्हटलं, "परवा." आणि तुला फोनवर सांगितलं, घाई करू नकोस, तब्येत स्थिर आहे, काम उरकून ये.

का, ते मी तेव्हापासून शोधते. मोठं काही सापडत नाही. त्या आठवड्यात मी सगळं एका ओळीत लावलं होतं. औषधांच्या वेळा, डबे, कोण कधी बसणार, कुणाला काय सांगायचं. तू आली असतीस तर रडली असतीस, तुला कुणी तरी धरायला लागलं असतं, आणि माझ्याकडे हात उरला नव्हता. म्हणून तुला दोन दिवस पुढे ढकललं. दोन दिवस आहेत असं मला वाटलं होतं. नव्हते.

नंतर तू दारात बॅग न ठेवता उभी राहिलीस आणि विचारलंस, "मला का नाही बोलावलं?" तेव्हा माझ्या तोंडून आलं, "बाबांची इच्छा नव्हती." आधी ठरवलेलं नव्हतं. पण ते इतकं चपखल बसलं की आईनंही ते उचललं. आता ती त्याच मापानं स्वतःला मोजते आहे. नवऱ्यानं पोरीला न बोलावता नेटानं सहन केलं, मग आपणही करावं, असं तिचं चाललं आहे. तिची मनाई तिची नाही. ती माझी आहे, फिरून माझ्याकडेच आलेली.

क्षमा मागत नाही. मला सध्या काही जाणवत नाही, त्यामुळे आत्ता मागितली तर ती नुसती व्याकरणशुद्ध होईल. तू समोर आलीस की काय होतं ते बघू. तुला मला काही बोलायचं असेल, ते सगळं बोल. पण इथे येऊन बोल.

ये, धाकटे. कामं उरकून नको. आहेस तशी निघ.

टपाल तीन दिवस घेतं, म्हणून हाच मजकूर तुझ्या दुकानाच्या तक्रारीच्या खिडकीतही टाकते आहे. तिथे आधी कारण निवडावं लागतं. 'फाइल उघडत नाही', 'मापात फरक', 'इतर'. मी 'मापात फरक' निवडलं. मजकूर लांब झाल्यामुळे खिडकीनं तो एकदा परत केला. दोन तुकडे करून पाठवते.

ताई


२५ एप्रिल

धाकटे,

हे पत्र पोचेल तेव्हा तू घरी नसावीस अशी इच्छा आहे. मांजरानं वाचावं.

तुला कळवल्याचं आज सकाळी आईला सांगितलं. लपवून चालणार नव्हतं. तू एकदम दारात उभी राहिली असतीस तर तिला वाटलं असतं, तू आपणहून आलीस, आणि त्या खोट्याचीही देखभाल मलाच करावी लागली असती. माझ्याकडे आधीचंच एक पुरेसं आहे. म्हणजे होतं.

ती टॉप घालून उशांना टेकून बसली होती. मी पलंगाच्या कडेला बसले.

"धाकटीला कळवलं मी."

तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. "शब्द दिला होतास."

"हो."

"तुझ्या बाबांना दिलेला पाळलास. माझा नाही."

"बाबांनी मागितलाच नव्हता, आई."

मग सांगितलं. मंगळवार, बुधवार, उशी, परवा. तुला लिहिलं तितकंच. सांगताना माझा आवाज वर्गात हजेरी घेते तसा होता. तो मला ऐकू येत होता, बदलता येत नव्हता.

आई बराच वेळ कापडाची निळी रेघ नखानं चाचपत राहिली.

"दोनदा विचारलं त्यांनी?"

"दोनदा."

"मला नाही विचारलं."

"तू तेव्हा घरी झोपायला गेली होतीस. मीच पाठवलं होतं तुला."

"हो. तूच पाठवलंस." मग म्हणाली, "आणि मी पाच महिने इथे त्यांच्याशी बरोबरी करत पडले आहे."

तिनं भिंतीकडे तोंड केलं. पाणी विचारलं, नको म्हणाली. औषध विचारलं, हात पुढे केला, घेतलं, पुन्हा भिंत. दुपारी पेज नेली तशीच परत आणली. तुझे भावजी खुणेनं विचारत होते, काय झालं, मी खुणेनंच सांगत होते, काही नाही. वर्तमानपत्र आज त्यांनी उघडलंच नाही.

मी स्वयंपाकघरात ओट्याशी उभी होते. भांडी घासून झाली होती, ती पुन्हा घासत होते. आपण हे आज सांगायला नको होतं का, असा प्रश्न मनात यायला हवा होता. तो आला, पण लांबून, दुसऱ्याच कुणाचा असावा तसा.

चारच्या सुमारास आईनं हाक मारली. मला नव्हे, जावयाला. ते आत गेले. दोघांचं काही बोलणं झालं, मला ऐकू आलं नाही. बाहेर आले ते थेट माळ्याच्या खाली जाऊन उभे राहिले.

"स्टूल कुठाय?"

"कशाला?"

"मागच्या खोलीतला पंखा आवाज करतो म्हणताहेत. धाकटीला आवाजात झोप लागत नाही, लहानपणापासून, म्हणे. आजच्या आज बघा म्हणाल्या."

"इलेक्ट्रिशियनला बोलवू या ना."

"मीही तेच म्हटलं. तर म्हणाल्या, तो उद्या येतो म्हणेल. ती आज निघाली असेल तर?"

ते आता मागच्या खोलीत आहेत. हातात पेचकस आहे आणि यापूर्वी त्यांनी तो कशासाठी वापरल्याचं माझ्या स्मरणात नाही. आई आतून ओरडून विचारते आहे, "बटण बंद केलंत का आधी?" इतक्या मोठ्यानं ती महिनाभरात बोलली नव्हती. ते म्हणताहेत, केलं. ती म्हणते आहे, पुन्हा बघा.

स्टुलाचा एक पाय आखूड आहे. ते वर चढलेत. मी धरायला जाते.

ताई